तीन निष्ठा आणि एक सेवा : जनरल जगन्नाथराव भोसले यांची कारकीर्द



महोत्सव हा शब्द आपण आनंदाने उच्चारतो. परंतु पवित्र शास्त्रात या शब्दामागे एक कडक आज्ञा आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस पन्नासावे वर्ष पवित्र मानण्यास सांगितले. त्या वर्षी गुलामाने बंधमुक्त व्हावे, हातची गेलेली जमीन मूळ धन्याकडे यावी आणि प्रत्येक मनुष्याने आपल्या कुळाकडे व आपल्या वतनाकडे परतावे, असा तो नियम होता. म्हणजे महोत्सव हा मुळात घरी परतण्याचा सण होय. या स्मरणिकेच्या अन्य पानांवर आपल्या धर्मग्रामाचा इतिहास वाचकांस मिळेलच. ज्या भूमीवर हा धर्मग्राम वसला आहे ती भूमी शिपायांची आहे, म्हणून या पानांवर एका शिपायाच्या परतण्याची कथा सांगावी असे योजिले आहे.

आपला हा महाड-पोलादपूरचा मुलूख पराक्रमाच्या स्मृतींनी भरलेला आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव सुभेदार तानाजी मालुसरे यांचे म्हणून सर्व महाराष्ट्र ओळखतो. इ. स. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजींनी कोंढाणा सर केला आणि त्या रात्रीच्या झुंजीत देह ठेविला. मुलाचे लग्न बाजूस सारून हा वीर मोहिमेस निघाला, ही कथा आपली लेकरे आजीच्या मांडीवर ऐकतात. त्यांचा देह मढे घाटाच्या वाटेने खाली कोकणात आणिला, अशी परंपरा आहे. आणि उमरठ येथील समाधीपाशी आजही लोक नतमस्तक होतात. धन्याच्या शब्दासाठी प्राण वेचणाऱ्या निष्ठेचे ते स्मारक आहे.

तथापि पोवाडा शिपायाच्या मरणापाशी थांबतो, आणि संसार थांबत नाही. रणांगणावर गेलेल्यांपैकी बहुतेक शिपाई परत येतात. गणवेश उतरवून ठेवल्यावर त्यांच्या अंगच्या निष्ठेचे, शिस्तीचे व धैर्याचे काय होते, हा प्रश्न पोवाड्यात विचारला जात नाही. कोकणातील पुष्कळ घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलगे पलटणीत गेले आहेत. ज्या घरातील कोनाड्यात जुनी पदके ठेविलेली असतात, त्या घराला हा प्रश्न परका नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच परिसराने फार पूर्वी दिले आहे. महाडजवळील रावढळ या गावचे गोपाळ बाबा वलंगकर हे सैन्यातून १८८६ साली निवृत्त झाले. महार जातीत जन्मलेल्या या शिपायाने निवृत्तीनंतर हाती लेखणी घेतली आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ या नावाने प्रश्नावली प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या मुळावरच बोट ठेविले. सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली, तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १८९५ साली त्यांची नेमणूक महाड तालुका लोकल बोर्डावर झाली. त्यांच्या शेजारी बसावयास काही उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. परंतु ते आपल्या जागेवरून हटले नाहीत. सैन्यात शिकलेली ताठ मान या माणसाने सभागृहात नेली. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९२७ साली, त्याच महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, आणि डॉ. आंबेडकर हेही एका सुभेदाराचेच पुत्र होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वलंगकर तालुक्याच्या सभेत बसले. ज्यांची कथा आज सांगावयाची आहे ते कोकणचे दुसरे सुपुत्र थेट दिल्लीच्या लोकसभेत बसले. त्यांचे नाव जगन्नाथराव कृष्णराव भोसले.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. आज हा मुलूख सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. त्यांचे बालपण सरले त्या काळात हिंदी मनुष्याने सैन्यात कितीही पराक्रम केला तरी त्याची मजल सुभेदार-मेजरापलीकडे जात नसे. बादशहाच्या सनदेचा अधिकारी बहुधा गोराच असावयाचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हे दार थोडेसे किलकिले झाले. १९१८ पासून इंग्लंडातील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी दरवर्षी दहा जागा राखण्यात आल्या. त्या शिक्षणाची पूर्वतयारी व्हावी म्हणून १९२२ साली डेहराडून येथे प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाने एक विद्यालय उघडले. सावंतवाडीच्या या मुलाने डेहराडूनचे शिक्षण पुरे केले, सँडहर्स्ट येथे प्रवेश मिळविला आणि बादशहाची सनद घेऊन तो मराठा पलटणीत अधिकारी म्हणून दाखल झाला. हिंदी सैन्याचे स्वतःचे अधिकारी-विद्यालय डेहराडूनला निघाले ते १९३२ साली. त्यापूर्वी सनदी अधिकारी झालेल्या हिंदी तरुणांची संख्या फारच थोडी होती. या थोड्यांपैकी एक कोकणचा होता.

ही त्यांची पहिली निष्ठा. जिच्या नावाने सनद मिळाली त्या राजसत्तेशी ती होती. तीस क्षुद्र समजण्याचे कारण नाही. ज्याने ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी त्याने इमान राखावे, हा धडा कोकणातल्या शिपायाने आईच्या दुधाबरोबर घेतलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात ही निष्ठा कसोटीस लागली. १९४२ च्या १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले. ब्रिटिश सेनापतीने जपान्यांपुढे शरणागती पत्करली, आणि दोन दिवसांनी सुमारे ४०,००० ते ४५,००० हिंदी शिपायांस फेरर पार्क या मैदानात एकत्र करून जपान्यांच्या हवाली करण्यात आले. गोऱ्या सैनिकांस वेगळे काढिले होते. कालपर्यंत ज्यांच्या हुकमाने हे शिपाई लढले त्यांनी त्यांना एका सहीनिशी दुसऱ्याच्या स्वाधीन केले. त्या मैदानात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याचे हिंदी अधिकारी मोजकेच होते. भोसले त्यांतील एक होते.

तेथे प्रत्येक शिपायापुढे एक निवड उभी राहिली. बादशहाशी इमान राखून युद्धकैदी म्हणून राहावे, की हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी उभारल्या जाणाऱ्या नव्या सेनेत जावे? येथे आपण थोडे थांबले पाहिजे, कारण हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच सदसद्विवेकाचाही आहे.

वचन देताना आपण परमेश्वरास साक्षीस ठेवितो, म्हणून वचनभंग हे लहान पाप नव्हे, असे पवित्र सभा शिकविते. परंतु तीच पवित्र सभा हेही शिकविते की, अन्याय करण्यास कोणतेही वचन बांधू शकत नाही आणि कोणतीही मानवी सत्ता परमेश्वराच्या जागी बसू शकत नाही. याच महायुद्धात ऑस्ट्रिया देशातील फ्रान्झ येगरश्टेटर या कॅथॉलिक शेतकऱ्याने हिटलरच्या नावाने निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला. १९४३ च्या ९ ऑगस्ट रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि २००७ साली पवित्र सभेने त्यास धन्यवादित म्हणून घोषित केले. त्याने शपथ घेतली नाही. भोसल्यांनी दिलेली निष्ठा मागे घेतली. दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : मी कोणाची आज्ञा पाळावी, आणि ती आज्ञा कोणासाठी आहे?

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, हजारो हिंदी शिपाई आझाद हिंद सेनेत गेले नाहीत. त्यांपैकी कित्येकांस जपान्यांनी न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर कष्ट करण्यास नेले आणि तेथे भूक व रोगराई यांनी ते मेले. त्यांस भ्याड किंवा परकीयांचे दास म्हणणे हा अन्याय होईल. त्यांनी एका निष्ठेसाठी मरण सोसले. जे सेनेत गेले त्यांनी दुसऱ्या निष्ठेसाठी मान, हुद्दा व निवृत्तिवेतन पणास लाविले. एकाच गावचे दोन शिपाई त्या मैदानातून दोन दिशांस गेले असतील, आणि दोघांच्याही आयांनी एकाच देवापाशी दिवा लाविला असेल. माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा परमेश्वराकडे सोपवून आपण त्यांच्या पुढील करणीकडे पाहावे, हे बरे.

भोसले नव्या सेनेत गेले. तो मार्ग सरळ नव्हता. कॅप्टन मोहनसिंग यांनी उभारलेली पहिली सेना १९४२ च्या डिसेंबरात जपान्यांशी झालेल्या मतभेदांमुळे मोडली. मोहनसिंगांस अटक झाली. गोंधळलेल्या हजारो शिपायांस एकत्र ठेवणे हे त्या वेळी शौर्याहूनही अवघड काम होते. राशबिहारी बोस यांच्या नेतृत्वाखाली सेनेची नवी घडी बसविण्यात आली, तेव्हा लष्करी विभागाचे संचालक म्हणून भोसल्यांची नेमणूक झाली. १९४३ च्या जुलैत नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरास पोहोचले तेव्हा त्यांस एक व्यवस्थित सेना मिळाली, तीत या शांत मराठा अधिकाऱ्याच्या व्यवस्थेचा वाटा होता. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली आणि सेनेचे प्रतिनिधी म्हणून त्या सरकारात ज्यांनी शपथ घेतली त्यांत भोसल्यांचे नाव होते. पुढे त्या सेनेत त्यांस मेजर जनरलचा हुद्दा मिळाला. ही त्यांची दुसरी निष्ठा. आता ती राजाशी राहिली नव्हती. जो देश अजून जन्मास यावयाचा होता त्या देशाशी ती जडली होती.

आपल्या वाचकांस हेही ठाऊक असावे की, त्या सेनेत हिंदू, मुसलमान, शीख व ख्रिस्ती एका पंगतीस बसत. कर्नल सिरिल स्ट्रेसी हे अँग्लो-इंडियन ख्रिस्ती अधिकारी त्या सेनेत होते. १९४५ साली सिंगापूरच्या समुद्रकिनारी मृत शिपायांचे स्मारक उभारण्याचे काम नेताजींनी त्यांच्यावर सोपविले. थोड्याच आठवड्यांनी परत आलेल्या ब्रिटिशांनी ते स्मारक पाडून टाकिले. स्वातंत्र्यानंतर स्ट्रेसी भारताच्या परराष्ट्रसेवेत दाखल झाले. ख्रिस्ती माणसाचे देशप्रेम कोणी तपासावयास निघाला तर त्याला हे एक उदाहरण पुरे व्हावे.

इंफाळ-कोहिमाची १९४४ ची मोहीम अयशस्वी झाली. १९४५ च्या ऑगस्टात जपानने शरणागती पत्करली, आणि आझाद हिंद सेनेचे शिपाई दुसऱ्यांदा कैदी झाले. दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९४५ च्या नोव्हेंबरपासून शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लन या तिघांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. जन्मठेपेची शिक्षा झाली. परंतु देशभर उसळलेल्या लोकमतापुढे सरसेनापती ऑकिनलेक यांनी १९४६ च्या ३ जानेवारीस ती माफ केली. सैन्यातून बडतर्फी मात्र कायम राहिली.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. तेव्हा या लोकांची वाजतगाजत पलटणीत पुनःस्थापना झाली असेल असे आज आपणास वाटेल. परंतु तसे घडले नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही आझाद हिंद सेनेतील माणसांस सैन्यात परत घेतले नाही. सैन्याची एकी मोडू नये, अशी त्यामागे भूमिका होती. बादशहाशी इमान राखून लढलेले अधिकारीच आता भारताच्या सैन्याचा कणा होते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचे असेल. पण ज्याचे सारे शिक्षण, सारी विद्या, सारी उमेद कवायतीच्या मैदानावर घडली होती, त्यास चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मैदान बंद झाले. ज्या देशासाठी त्याने पलटण सोडली त्याच देशाने त्यास पलटणीबाहेर ठेविले.

कडवट होण्यास एवढे कारण पुरेसे होते. कडवटपणाने किती चांगली माणसे वाया जातात हे धर्मगुरू या नात्याने आम्हांस पदोपदी पाहावे लागते. भोसले त्या वाटेस गेले नाहीत.

१९५१ च्या अखेरीपासून १९५२ च्या प्रारंभापर्यंत भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मताचा अधिकार होता. ४८९ जागांसाठी लोकांनी मतदान केले. पोलादपुराहून कशेडीचा घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या उत्तर मतदारसंघातून जगन्नाथराव भोसले काँग्रेसच्या वतीने लोकसभेवर निवडून आले. घाटाच्या अलीकडे, म्हणजे आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख निवडून आले. ते भारताचे अर्थमंत्री होते. मीरतहून शाहनवाज खान आले. लाल किल्ल्यातील आरोपी सहा वर्षांनी लोकसभेच्या बाकावर बसला! प्रथम गोळीने निवाडा मागणारी माणसे आता मतपेटीचा निवाडा मान्य करून आली होती.

लोकसभेच्या सभासदास संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी लागते. भोसल्यांची ही तिसरी निष्ठा. राजाशी निष्ठा असेल तर राजा हुकूम देतो. सेनेशी निष्ठा असेल तर सेनापती हुकूम देतो. संविधानाशी निष्ठा राखणाऱ्यास हुकूम देणारे कोण? ते लोक आहेत. आणि लोकांत सर्वांत प्रथम ज्यांचे कोणी नाही ते. या शपथेचा खरा अर्थ हाच होय, आणि भोसल्यांच्या वाट्यास आलेले खाते जणू याच अर्थाचे होते.

त्यांस पुनर्वसन खात्याचे उपमंत्री नेमण्यात आले. फाळणीने देशाच्या दोन्ही बाजूंस माणसांचे लोंढे लोटले होते. १९५१ च्या जनगणनेत भारतातील निर्वासितांची संख्या सुमारे ७३ लाख भरली. आपल्या महाराष्ट्रात कल्याणजवळ युद्धकाळात बांधलेल्या लष्करी छावणीत सिंधहून आलेली सुमारे लाखभर माणसे उतरली. १९४९ साली त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शिपायांसाठी उभारलेल्या बराकींत आता चुली पेटल्या आणि पाळणे हलू लागले. घर, शेत, दुकान, नोकरी, मुलाची शाळा, विधवेचा आधार — पुनर्वसन खात्यापुढे असे लाखो अर्ज होते. लेवीय ग्रंथातील महोत्सव प्रत्येकास त्याच्या वतनाकडे परत धाडतो. या लोकांस परत जाण्यास वतनच उरले नव्हते. त्यांच्यासाठी नवे घर निर्माण करणे हेच त्या खात्याचे काम होते.

या कामात असता या जुन्या सेनानीच्या नजरेस मुले पडली. छावणीत वाढणारे मूल पाहिल्यावाचून त्याची अवस्था समजत नाही. दिवसाला वेळापत्रक नाही, बापास धंदा नाही, आई रांगेत उभी, आणि रात्री आठवणींची भीती. दिल्लीच्या लाजपतनगरात कस्तुरबा निकेतन या नावाचे निर्वासित स्त्रिया व मुले यांचे वसतिस्थान होते. तेथे १९५४ साली भोसल्यांनी राष्ट्रीय शिस्त योजनेचा प्रारंभ केला. पहाटे उठणे, स्वच्छ होणे, रांगेत उभे राहणे, कवायत व व्यायाम करणे, एका सुरात गाणे, शब्द पाळणे, दुबळ्यास हात देणे, इतकाच साधा पाठ त्या योजनेत होता. मुलांच्या हाती बंदूक द्यावयाची नव्हती. विस्कटलेल्या मुलास आपले शरीर, आपला दिवस आणि आपले शेजारी पुन्हा आपलेसे वाटावेत, हा तिचा उद्देश होता.

वाचकहो, येथे या कथेचा गाभा आहे. सँडहर्स्ट येथे जी शिस्त शिकविली गेली, जी सिंगापूरच्या छावणीत तावूनसुलाखून निघाली, ती अखेरीस कोणाच्या कामी आली? लाजपतनगरच्या अनाथ मुलांच्या. सैन्याचे दार बंद झाले नसते तर एक उत्तम सेनापती देशास मिळाला असता, हे शक्य आहे; परंतु त्या मुलांसमोर कोण उभा राहिला असता?

योजना वाढत गेली. शिक्षक तयार करण्यासाठी राजस्थानात अलवरजवळ सारिस्का येथे प्रशिक्षण केंद्र निघाले. निर्वासितांच्या शाळांपलीकडे अन्य शाळांतही ही कवायत पोहोचली, आणि पुढे ती शिक्षण खात्याच्या अधिकाराखाली गेली. तिच्यावर टीकाही झाली. मुलांस एकसारखी पावले टाकावयास लाविल्याने ती एकसारखा विचारही करू लागतील की काय, ही भीती विचारी माणसांच्या मनात येते, आणि ती निराधार नाही. गेल्या शतकात युरोपातील हुकूमशहांनी मुलांच्या कवायतीचा कसा दुरुपयोग केला, हे जगाने पाहिले आहे. शिवाय शाळेत बालवीर पथके होती, १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेना होती, शारीरिक शिक्षणाचे वर्गही होते. त्यांत आणखी एक योजना कशास, असा प्रश्न निघाला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सर्वांची एकत्र योजना करण्याची शिफारस केली, आणि १९६० च्या दशकातच राष्ट्रीय शिस्त योजना हे स्वतंत्र नाव मागे पडले.

राजकारणातही त्यांची वाट निष्कंटक नव्हती. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रास न देता केंद्राच्या अधिकाराखाली ठेवण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा सारा मराठी मुलूख पेटला. आपल्या नात्याच्या चिंतामणराव देशमुखांनी त्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्यांचे नाव घरोघरी झाले. भोसले उपमंत्रिपदावर राहिले. निर्वासितांचे काम तोवर संपले नव्हते. पूर्व बंगालमधून माणसे अजून येतच होती. एकाने पद सोडून लोकांची बाजू मांडली, दुसरा हाती घेतलेल्या कामावर राहिला. कोकणच्या मतदारांनी आपला कौल १९५७ च्या निवडणुकीत दिला : रत्नागिरी, राजापूर व कुलाबा या तिन्ही जागा काँग्रेसने गमावल्या. भोसल्यांची लोकसभेतील कारकीर्द पाच वर्षांची ठरली.

त्या निकालाने त्यांचे कार्य मात्र संपले नाही. मुलांच्या शिस्तीचे काम त्यांनी पुढेही चालू ठेविले. १९६३ साली ते निवर्तले. मुंबईस मंत्रालयाच्या परिसरात, यशवंतराव चव्हाण केंद्र ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यास जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग असे नाव आहे. कामानिमित्त मंत्रालयात जाणारे आपल्यापैकी कित्येक जण त्या पाटीखालून जातात. ती पाटी वाचून क्षणभर थांबावे, एवढ्यासाठी तरी हा लेख उपयोगी पडो.

आता या चरित्रातून आपल्या धर्मग्रामाने काय घ्यावे?

प्रत्येक पवित्र मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी, आपल्या घरी प्रभूने यावे इतकी आपली योग्यता नाही, असे आपण नम्रतेने कबूल करितो. ते उद्गार मूळचे कोणाचे? एखाद्या धर्मपंडिताचे नव्हेत, प्रेषिताचेही नव्हेत. कफर्णहूम येथील रोमी सैन्यातील एका शताधिपतीचे ते उद्गार आहेत. तो अधिकारी प्रभू येशूकडे स्वतःसाठी काही मागावयास आला नव्हता; घरी पडलेल्या आजारी चाकरासाठी आला होता. आपण स्वतः अधिकाराखाली आहोत आणि आपल्या अधिकाराखाली शिपाई आहेत, हे त्याने सांगितले, आणि प्रभूने त्याच्या विश्वासाची सर्वांसमोर प्रशंसा केली. हुकूम पाळणे म्हणजे काय हे ज्यास ठाऊक होते, त्याने आपला अधिकार एका चाकराच्या प्राणासाठी नम्र केला. पवित्र सभेने एका लष्करी अधिकाऱ्याचे शब्द सर्व भाविकांच्या ओठांवर कायमचे ठेविले, यात मोठा अर्थ आहे.

संतांच्या मालिकेतही गणवेश उतरविलेले पुष्कळ जण आहेत. संत मार्टिन हे रोमी घोडदळातील शिपाई. त्यांनी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला झगा तरवारीने अर्धा कापून दिला, आणि पुढे सैन्य सोडून ते तूर शहराचे बिशप झाले. संत इग्नाती लोयोला हे १५२१ साली पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाले, आणि त्या अंथरुणावरून उठले ते दुसऱ्याच राजाचे शिपाई होऊन. भोसले ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांस आपण संतांच्या ओळीत बसवीत नाही. परंतु परमेश्वर आपली कामे आपल्याच लोकांकडून करवून घेतो असे नाही. अनाथ मुलास ज्याने धीर दिला त्याची सेवा प्रभूने आपली म्हणून मोजावी, हे शुभवर्तमानाच्या शिकवणीस धरूनच आहे.

जगन्नाथरावांच्या आयुष्यात निष्ठा तीनदा बदलली, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते की ती तीनदा रुंद झाली. आरंभी ती एका सिंहासनापुरती होती, पुढे एका देशापुरती झाली, आणि अखेरीस त्या देशातील सर्वांत लहान व निराधार मुलापर्यंत पोहोचली. निष्ठा खरी की खोटी याची ही एक कसोटी आम्ही आपणापुढे ठेवितो : ती वाढत वाढत दुबळ्यांपर्यंत पोहोचते की नाही?

धर्मग्रामासही हीच कसोटी लावावी. आपल्या पूर्वजांनी या डोंगराळ मुलखात श्रद्धा जपली. आपणही उपासनेस येतो, सण पाळितो, महोत्सव साजरा करितो. ही आपली पहिली निष्ठा झाली, आणि ती मोलाची आहे. परंतु पावसाळ्यात सावित्री-गांधारीला पूर येतो तेव्हा, डोंगर खचून वाडी उघडी पडते तेव्हा, शहरात कामास गेलेल्या बापामागे घरी राहिलेले मूल शाळा सोडते तेव्हा, आपल्या निष्ठेची रुंदी मोजली जाते. ज्या सैनिकाने, शिक्षकाने, परिचारिकेने किंवा कारकुनाने आयुष्यभर एक विद्या कमाविली, त्याने निवृत्तीच्या दिवशी ती पेटीत बंद करून ठेवू नये. शेजारच्या घरात तिची वाट पाहणारे कोणी तरी असते.

उमरठची समाधी आपणास सांगते की, दिलेल्या शब्दासाठी प्राण द्यावा. रावढळचा शिपाई सांगतो की, परतल्यावर ताठ मानेने सभेत बसावे आणि अन्यायास नाव द्यावे. तिरोड्याचा सेनानी सांगतो की, एक दार बंद झाले तर दुसऱ्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहावे. या तिन्ही शिकवणी आपल्याच कोकणच्या मातीतील आहेत.

महोत्सवाच्या या वर्षी जे दूर गेले ते परत येवोत, जे परतले ते सेवेस लागोत, आणि ज्यांस घर नाही त्यांस आपल्या धर्मग्रामात घर मिळो, अशी प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरणी व त्याच्या पवित्र मातेच्या मध्यस्थीने आमची प्रार्थना आहे.